कोऱ्या पोटात आतडं का अडतं?

थांबून थांबून कळा, हिरवट उलट्या, फुगलेलं पोट, शौच तर नाहीच पण वाराही सरत नाही. असा रुग्ण आला की सर्जनची नजर आधी पोटावरच्या जुन्या टाक्यांकडे जाते आणि मग जांघेकडे. टाके असतील तर आत आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटली असण्याची शक्यता मोठी. जांघेत दुखरी गाठ असेल तर हर्निया अडकलेला. लहान आतडं अडण्याची ही दोन नेहमीची कारणं, आणि आपल्याकडे त्यांच्या जोडीला आतड्याचा टीबी. हा लेख उरलेल्यांविषयी आहे. पोट कोरं, एकही टाका नाही, जांघेत वरवर हाताला काही लागत नाही, आणि तरी आतडं अडलेलं आहे, असे रुग्ण.

त्यांचा वेगळा विचार का करायचा, याचं कारण उपचारात आहे. जुन्या ऑपरेशनमुळे चिकटलेलं आतडं पुष्कळदा ऑपरेशनशिवाय सुटतं. नाकातून नळी, सलाइन, पोटाला विश्रांती आणि बारीक लक्ष, एवढ्यावर ७२ तासांपर्यंत थांबता येतं. नळीतून १०० मिलिलिटर गॅस्ट्रोग्राफिन, म्हणजे एक्स-रेवर उठून दिसणारं औषध, देऊन २४ तासांत ते एक्स-रेवर मोठ्या आतड्यात पोचलेलं दिसलं, तर बहुतेक वेळा वाट मोकळी होतेय असं समजतात. पण आतड्यात दगड अडकला असेल, किंवा हाडाच्या भोकात आतड्याचा तुकडा चिमटला असेल, तर वाट पाहून काही सुटत नाही. तिथे गेलेला प्रत्येक दिवस आतड्याच्या खर्चाने जातो. म्हणून अशा पोटात ‘अडलंय’ एवढं निदान पुरत नाही, ‘कशामुळे अडलंय’ हे पहिल्याच दिवशी कळायला हवं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. कधीच ऑपरेशन न झालेल्या पोटातही आतडी चिकटलेली सापडतात. कधी जन्मजात धागा असतो, कधी आपोआप शमलेल्या जुन्या सुजेची खूण. तेव्हा पोट कोरं आहे म्हणून लगेच चाकू उचलायचा, असा नियम नाही. नियम आहे तो लगेच सीटी स्कॅन करण्याचा.

अडथळ्याच्या वर नेमकं काय होतं ते आधी पाहू. लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि जेवणखाण मिळून लहान आतड्यात रोज सुमारे ७ ते ९ लिटर पातळ पदार्थ येतो. त्यातला बहुतेक भाग आतडं परत शोषून घेतं आणि मोठ्या आतड्यापर्यंत जेमतेम लिटर-दीड लिटर पोचतो. वाट बंद झाली की हे पाणी वरच्या बाजूला साचतं, आतडं ताणलं जातं, आणि ताणलेलं आतडं शोषून घेण्याऐवजी उलट पाझरू लागतं. म्हणूनच ‘सकाळपासून घोटभर पाणी प्यायला नाही, तरी दोन लिटर उलटी झाली’ असं घरचे सांगतात, तेव्हा त्यात अतिशयोक्ती नसते. रुग्ण बाहेरून फुगलेला दिसतो, पण त्याच्या रक्तवाहिन्या कोरड्या पडत असतात. लघवी कमी होते, पोटॅशियम घसरतं, नाडी वाढते.

दुसरा धोका रक्तपुरवठ्याचा. आतड्याला पीळ बसला किंवा ते अरुंद जागी चिमटलं की आधी अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या पातळ भिंतीच्या शिरा दबतात. रक्त आत येतं पण बाहेर जात नाही, आतडं सुजून जांभळं होतं, मग धमन्याही बंद पडतात आणि भिंत काळी पडू लागते. थांबून थांबून येणारी कळ अखंड दुखण्यात बदलली, नाडी १०० च्या वर गेली, ताप आला, पोटात एकाच जागी हात लावू देईना, रक्तात पांढऱ्या पेशी किंवा लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा पदार्थ) वाढलं, तर हा टप्पा सुरू झाला असं धरावं. उलटं मात्र खरं नाही. यातलं एकही लक्षण नाही म्हणजे आतडं सुरक्षित आहे, असं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही.

घरी एक चूक वारंवार होते. शौच होत नाही म्हणून एरंडेल किंवा जुलाबाची गोळी दिली जाते. पुढे भिंत असताना मागून ढकलल्यासारखं ते आहे. कळा वाढतात, आणि आतड्याची भिंत कमजोर झाली असेल तर तिथे फुटण्याचा धोका. हिरवी उलटी, फुगलेलं पोट आणि वारा न सरणं ही तिन्ही एकत्र आली की घरगुती उपाय थांबवून, तोंडाने काहीही न देता, रात्र असली तरी दवाखाना गाठावा.

उभ्याने काढलेल्या पोटाच्या एक्स-रेत हवा आणि पाण्याच्या पायऱ्या दिसतात. लहान आतड्याची रुंदी ३ सेंटिमीटरच्या वर, मोठ्या आतड्याची ६ च्या वर, आणि मोठं आतडं जिथे सुरू होतं त्या पिशवीची, म्हणजे सीकमची, ९ च्या वर गेली तर ती फुगली असं मानतात. एवढ्यावरून अडथळा आहे हे कळतं, कारण क्वचितच. सोनोग्राफी चांगल्या हातात उपयोगी पडते, पण वायूने भरलेल्या पोटात तिची नजर अडते. कारण दाखवतो तो शिरेतून, फोटोत उठून दिसणारं औषध देऊन केलेला सीटी स्कॅन. जोरात अडलेल्या रुग्णाला तोंडाने औषध पाजण्याची गरज नसते, आतड्यात साचलेलं पाणीच ते काम करतं. पाजलेलं औषध उलटून फुप्फुसात जाण्याची भीती असते, ती वेगळीच.

सीटीत रेडिऑलॉजिस्ट फुगलेलं आतडं कुठे संपतं आणि मिटलेलं कुठे सुरू होतं तो बिंदू शोधतात. त्या बिंदूवर काय आहे, तेच निदान. तिथे मेसेंटरी, म्हणजे आतड्याला रक्तवाहिन्या पोचवणारा पडदा, भोवऱ्यासारखा फिरलेला दिसला तर पीळ. आतड्याचं एखादंच वेटोळं दोन्ही टोकांना बंद होऊन इंग्रजी सी किंवा यू अक्षरासारखं दिसलं तर ते सर्वांत धोक्याचं, कारण त्यातला दाब कुठेच सुटू शकत नाही. भिंतीत औषध नीट चढलं नसेल तर रक्तपुरवठा गेलाय. सीटीची चिठ्ठी लिहिताना ‘पोटदुखी’ एवढंच न लिहिता ‘आधी ऑपरेशन नाही, आतडं अडल्याचा संशय, मांडीच्या वरच्या भागापर्यंत फोटो घ्यावेत’ असं लिहिलं तर अर्धं काम होतं. मांडीपर्यंत का, ते पुढे येतंच.

पित्ताचा खडा, पण आतड्यात

साठीच्या पुढची बाई, पित्ताशयात मोठा खडा असल्याचं कधीतरी सोनोग्राफीत दिसलेलं, ‘त्रास नाही तर राहू दे’ म्हणून तसाच ठेवलेला. वारंवार सूज येऊन पित्ताशय शेजारच्या आतड्याला, म्हणजे जठरानंतरच्या ड्युओडेनमला, चिकटतं. खडा आतून दाबत राहतो, दोन्ही भिंती झिजतात आणि एक दिवस खडा आरपार आतड्यात उतरतो. लहान खडे शौचावाटे निघून जातात. अडतो तो बहुधा अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठा, आणि अडण्याची आवडती जागा म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग, कारण तिथे नळी सगळ्यांत अरुंद असते.

या आजारात फसवतं ते त्याचं वागणं. खडा एका जागी अडतो, कळा येतात, उलट्या होतात. मग तो थोडा पुढे सरकतो आणि रुग्णाला बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी आणखी खाली पुन्हा अडतो. ‘काल खूप दुखत होतं, आज सकाळी बरं होतं, आता परत सुरू झालं’ हे वाक्य ऐकल्यावर अॅसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलेल्या रुग्णांपैकी काही जण पाच-सहा दिवसांनी कोरडे पडून परत येतात.

१९४१ साली लिओ रिग्लर यांनी एक्स-रेवरच्या तीन खुणा एकत्र मांडल्या, त्या आजही शिकवल्या जातात. आतडं फुगलेलं, पित्तनलिकांत हवा, आणि खडा नको त्या जागी. साध्या एक्स-रेत तिन्ही एकत्र क्वचित दिसतात, कारण बरेच खडे कोलेस्टेरॉलचे असतात आणि त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं. सीटीत मात्र चित्र बहुतेक वेळा स्वच्छ असतं. आक्रसलेलं पित्ताशय, त्यात हवा, आणि खाली आतड्यात एक गोल कडा.

ऑपरेशनमध्ये खडा असतो तिथेच आतडं कापत नाहीत. तिथली भिंत दिवसभर दबून सुजलेली, कच्ची झालेली असते आणि तिथला टाका उसवू शकतो. खडा बोटांमध्ये हलकेच धरून, टूथपेस्टची ट्यूब शेवटाकडून दाबत आणावी तसा, निरोगी आतड्यापर्यंत मागे सरकवतात. तो आतल्या आत चिरडायचा मोह टाळावा लागतो, त्यात भिंत चिरते. मेसेंटरीच्या विरुद्ध कडेला लांबीच्या दिशेने चीर द्यायची, खडा बाहेर काढायचा, साचलेलं पाणी शोषून घ्यायचं आणि चीर आडवी शिवायची. उभी चीर उभीच शिवली तर नळी तिथे चिंचोळी होते, आडवी शिवली की रुंदी राहते. मग खड्याकडे नीट पाहायचं. त्याची एखादी बाजू पैलू पाडल्यासारखी सपाट असेल तर त्याला घासणारा दुसरा खडा कुठेतरी आहे. सगळं आतडं हाताने चाचपल्याशिवाय पोट बंद करायचं नाही.

पित्ताशय आणि आतड्यामधलं भोक त्याच वेळी दुरुस्त करायचं की नाही, यावर सर्जन वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत. आजारी, कोरडी पडलेली ७५ वर्षांची आजी टेबलावर असेल तर आमचं मत ठाम आहे. खडा काढा आणि बाहेर पडा. भोक अनेकदा आपोआप मिटतं. प्रकृती धडधाकट असेल, पित्ताशयात अजून खडे असतील, तरच पुढचा विचार.

गुडघा दुखतो म्हणून आलेल्या आजी

कमरेच्या हाडात पुढे दोन्ही बाजूंना एकेक मोठं भोक असतं, बहुतांश पडद्याने झाकलेलं. पडद्याच्या वरच्या कडेला दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा आणि सेंटिमीटरभर रुंदीचा बोळ असतो, त्यातून ऑब्ट्युरेटर नावाची नस आणि रक्तवाहिन्या मांडीत उतरतात. एरवी या बोळात चरबीचा बोळा असतो. खूप वजन घटलेल्या वृद्ध स्त्रीत ती चरबी जाते, बाळंतपणांनी ओटीपोटाचा तळ आधीच सैल झालेला असतो, आणि आतड्याची एक कड त्या बोळात घुसते. हा ऑब्ट्युरेटर हर्निया. ही गाठ मांडीच्या स्नायूंखाली लपते, त्यामुळे जांघेत काही दिसत नाही आणि हाताला लागत नाही. उजव्या बाजूला ती जास्त आढळते, कारण डावीकडे मोठ्या आतड्याचं वळण ते भोक झाकून असतं.

बोळातली नस दबते आणि दुखणं मांडीच्या आतल्या बाजूने थेट गुडघ्यापर्यंत जातं. पाय पोटाशी घेतला की बरं वाटतं. पाय सरळ करून बाहेर नेला आणि आतल्या बाजूला वळवला की दुखणं उसळतं. याला हाउशिप-रोम्बर्ग यांची खूण म्हणतात. या वयात कोणाचा गुडघा दुखत नाही? म्हणून ती नोंदच होत नाही. आजींना जांघ दाखवायचा संकोच, तपासणाऱ्याला लुगडं बाजूला करायला सांगायचा संकोच, आणि दोघांच्या संकोचात दोन दिवस जातात. बारीक अंगकाठीची वृद्ध स्त्री, पोटावर टाका नाही आणि आतडं अडलंय, एवढ्यावरच हा हर्निया मनात आला पाहिजे. सीटी मांडीच्या वरच्या भागापर्यंत हवा तो याचसाठी. मांडीच्या आतल्या दोन स्नायूंमध्ये, पेक्टिनियस आणि ऑब्ट्युरेटर एक्स्टर्नसच्या बेचक्यात, आतड्याचं छोटं गोल वेटोळं दिसलं की शंका उरत नाही.

इथे आतड्याची पूर्ण नळी न अडकता नुसती एक कड चिमटते, असं पुष्कळदा होतं. त्यामुळे थोडा वारा सरतो आणि सगळे निर्धास्त राहतात, पण चिमटलेली कड काळी पडत असते. बेंबीखाली चीर देऊन आतडं बाहेर काढताना खेचायचं नाही. अडकलेली भिंत टिश्यू पेपरसारखी झालेली असते आणि खेचली की बोळाच्या तोंडाशीच फाटते, मळ पोटभर. बोटाने मांडीच्या बाजूने दाबायचं, किंवा बारीक कॅथेटर बोळात सरकवून सलाइनच्या दाबाने ढकलायचं. तरीही सुटत नसेल तर पडद्याची कडा नस आणि रक्तवाहिन्यांपासून दूर, खालच्या व आतल्या बाजूला, थोडी कापायची. पोटात मळ सांडला नसेल तर जाळी बसवता येते, सांडला असेल तर टाक्यांनी बोळ मिटवतात. दुसऱ्या बाजूचा बोळही पाहून घ्यावा.

आतडं कोशात

रेशमाचा किडा कोशात असावा तसं सगळं लहान आतडं एका पांढऱ्या, जाड पडद्यात गुंडाळलेलं सापडतं. १९७८ मध्ये सिंगापूरच्या फू यांनी किशोरवयीन मुलींमधल्या अशा रुग्णांवर लिहिताना त्याला पोटातला कोश म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. जगात इतरत्र पोटातून डायलिसिस वर्षानुवर्षं केलेल्या रुग्णांत हा आढळतो. भारतात मात्र त्यामागे टीबी आहे का, हे पहिल्यांदा पाहावं लागतं. पूर्वी कधीतरी पोट फुगून आपोआप बरं झालेलं, वजन घटलेलं, बारीक ताप, मुलीची पाळी अनियमित, अशी माहिती खोदून विचारावी लागते.

सीटीत आतड्याची वेटोळी पोटाच्या मधोमध गोळा झालेली आणि त्यांभोवती एक पातळ कड दिसते. ऑपरेशन हे घाईचं काम नाही. पोट उघडताना पहिली चूक होते ती इथेच. पडद्यालाच पोटाचं अस्तर समजून खोल चीर दिली की थेट आतडं उघडतं. पडदा एका जागी, जिथे तो सैल आहे तिथे, उचलून उघडायचा आणि बोटाने किंवा बोथट कात्रीने थोडा थोडा सोडवत न्यायचा. सहज सुटेल तो काढायचा. आतड्याला घट्ट चिकटलेला तुकडा सोलून काढण्याच्या हट्टापायी आतड्याला भोक पडतं, आणि अशा सुजलेल्या पोटात पडलेलं भोक शिवलं तरी गळतं. आतडं मेलेलं नसेल तर कापून जोडणंही टाळायचं. पडद्याचा तुकडा नुसता फॉर्मलिनमध्ये टाकून चालत नाही. टीबीच्या सीबीनॅट तपासणीसाठी आणि कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी, एक तुकडा साध्या सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. गर्दीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ही चूक सहज होते आणि पुढचे सहा महिने निदान अधांतरी राहतं.

केसांचा गोळा, आतला हर्निया आणि आणखी काही

केस खाण्याची सवय असलेल्या मुलीच्या जठरात केसांचा गोळा बनतो आणि कधी त्याची शेपटी लहान आतड्यात लांबवर उतरते. केस पचत नाहीत. घट्ट ताणलेली ती शेपटी आतड्याच्या मेसेंटरीकडच्या कडेला करवतीसारखी कापू शकते. इतका मोठा गोळा दुर्बिणीतून काढण्याचा प्रयत्न बहुधा फसतो आणि जठर उघडूनच तो काढावा लागतो. ओरडल्याने मुलगी केस गिळणं थांबवत नाही. मानसोपचार सुरू झाले नाहीत तर गोळा पुन्हा बनतो. दात नसलेल्या किंवा जठराचं जुनं ऑपरेशन झालेल्या वृद्धांत न चावलेल्या फळांच्या धाग्यांचा असाच गोळा होतो. तो मऊ असेल तर दाबत दाबत मोठ्या आतड्यात उतरवता येतो, चीर लागत नाही. जठरात दुसरा गोळा नाही ना, हे मात्र पाहायचं.

आतला हर्निया म्हणजे पोटातल्याच एखाद्या कप्प्यात आतडं शिरणं. ड्युओडेनमच्या डावीकडचा कप्पा यात सर्वांत परिचित आहे. त्याच्या पुढच्या कडेत मोठ्या आतड्याची मुख्य शीर धावते, म्हणून तोंड रुंद करायला ती कड आंधळेपणाने कापली तर रक्ताचा पूर येतो. वजन कमी करण्याचं बायपास ऑपरेशन झालेल्यांमध्ये हा प्रकार वाढला आहे. तिथे पोटावर फक्त बारीक छिद्रांचे व्रण असतात, त्यामुळे पोट कोरंच समजलं जातं.

मेकेलची पिशवी, म्हणजे लहान आतड्याला जन्मतःच असलेला फुगवटा, सुमारे २ टक्के लोकांत असते, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथल्या झडपेपासून साधारण दोन फुटांच्या आत. ती बेंबीला धाग्याने जोडलेली असेल तर त्या धाग्याभोवती आतड्याला पीळ पडतो. मोठ्या माणसात आतडं आतड्यात शिरलं, तर लहान बाळासारखं हवा किंवा पाणी सोडून ते सोडवत बसायचं नाही, टोकाला बहुधा गाठ असते. मोठ्या आतड्यातला असा भाग तर न सोडवता सरळ काढतात, कारण ती गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता बरीच.

आतडं जगेल का, हे कसं ठरवतात

भूल देण्याआधी नाकातून नळी टाकून जठर रिकामं केलेलंच असावं. भूल चढताना उलटी फुप्फुसात गेली तर पुढचं सगळं वाया जातं. लघवी ताशी दर किलोमागे अर्धा मिलिलिटर होईपर्यंत सलाइन आणि पोटॅशियमची भरपाई करायची, पण आतडं काळं पडल्याची शंका असेल तर आकडे सुधारण्याची वाट पाहायची नाही. दोन्ही बरोबर चालतं.

पोट उघडल्यावर फुगलेल्या बाजूने सुरुवात न करता सीकमपासून मिटलेल्या आतड्याच्या मागे मागे जातात. मिटलेलं आतडं हाताळायला सुरक्षित असतं आणि ते थेट अडथळ्यापाशी नेतं. जांभळं वेटोळं सुटल्यावर गरम सलाइनच्या कापडात गुंडाळतात, भूलतज्ज्ञ ऑक्सिजन वाढवतात आणि दहा-पंधरा मिनिटं कुणी त्याला हात लावत नाही. मग रंग परतला का, पृष्ठभागावर ओलसर चकाकी आहे का, मेसेंटरीत नाडी लागते का, बोटाने टिचकी मारल्यावर लाट सरकते का, हे पाहतात. खात्री नसेल तर लांबलचक आतडं कापण्यापेक्षा पोट तात्पुरतं झाकून २४ ते ४८ तासांनी पुन्हा पाहतात. उरलेलं लहान आतडं २०० सेंटिमीटरपेक्षा कमी झालं तर अन्न शोषण्याचा प्रश्न आयुष्यभराचा होतो, म्हणून किती कापलं यापेक्षा किती उरलं हे ऑपरेशनच्या नोटमध्ये आकड्यात लिहायचं असतं.

घरी जाताना रुग्णाने मागून घ्यावं ते म्हणजे ही नोट, सीटीची सीडी आणि बायॉप्सीचा रिपोर्ट कधी मिळणार याची तारीख. रिपोर्टात टीबी निघाला तर सरकारी केंद्रात मोफत औषधं मिळतात, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. त्या काळात पोट पुन्हा फुगलं तरी गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. टीबीने चिंचोळं झालेलं आतडं बरं होताना व्रणासारखं आक्रसतं आणि वाट आणखी अरुंद होऊ शकते. गोळ्या चालू ठेवून सर्जनला दाखवायचं.